नासलेल्या गवतांतून आलेलें औषध

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हें तालुक्याचें गांव आहे. आसपासची जमीन काळी. तींत खरिपाला सोयाबीन व तूर, रब्बीला हरभरा व ज्वारी. अशा मुलखांत पावसाळ्याच्या दिवसांत शेतावर काम करणाऱ्या माणसाच्या पायाला घोणस डसावी हा प्रसंग नवा नाहीं. रुग्ण दवाखान्यांत आला म्हणजे डॉक्टर एक अगदीं साधी परीक्षा करतात. शिरेंतून थोडें रक्त काढून तें स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घालावयाचें, नळी वीस मिनिटें जागची न हलवितां ठेवावयाची, आणि मग हळूच कलती करून पाहावयाचें. रक्त थिजून नळीला धरून राहिलें, तर विषाचा अंमल रक्तावर अद्याप चढलेला नाहीं असें समजावयाचें व कांहीं वेळानें परीक्षा पुन्हां करावयाची. तें पाण्यासारखें वाहूं लागलें, तर मात्र क्षणाचाहि विलंब न लावतां प्रतिविष दिलें पाहिजे. एवढ्या मोठ्या निर्णयाला नळी व घड्याळ यांपलीकडे साधन लागत नाहीं.

त्या वीस मिनिटांत जो प्रश्न विचारला जातो तो वैद्यकांतील फार जुना प्रश्न आहे. शरीराच्या आंत रक्त अखंड वाहतें राहिलें पाहिजे आणि शरीराबाहेर येतांच तें थिजलें पाहिजे, अशीं दोन परस्परविरुद्ध कामें निसर्गानें एकाच द्रवावर सोंपविलीं आहेत. विळ्यानें बोट कापलें तर दहा मिनिटांत खपली धरूं लागते. ती न धरेल तर क्षुल्लक जखमेनें माणूस दगावेल. परंतु हीच खपली आंतल्या आंत धरली तर? दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेंत गुठळी होते, ती सुटून फुप्फुसांत जाऊन अडकते, आणि बरा होऊन घरीं जावयास निघालेला रुग्ण दारांतच कोसळतो. हृदयाच्या धमनींत गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूच्या धमनींत झाली तर पक्षाघात. रक्त थांबविण्याचे उपाय माणसाला हजारों वर्षांपासून ठाऊक आहेत. डाग देणें, पट्टी आवळणें, तुरटी लावणें हे त्यांतलेच. रक्त थिजूं न देण्याचे उपाय मात्र जेमतेम शंभर वर्षांचे आहेत, आणि ते हातीं आले तेहि फार आडवळणानें.

खरें पाहतां त्यांतला एक उपाय भारतीय वैद्यांच्या हातांत फार पूर्वींच होता. तो कशामुळें काम करतो एवढेंच त्यांना ठाऊक नव्हतें. धन्वंतरीच्या पारंपरिक मूर्तींत त्याच्या एका हातीं जळू दाखवितात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत जळवांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत जळवांच्या बारा जाती सांगून सहा सविष व सहा निर्विष अशी त्यांची विभागणी केली आहे, आणि त्या कशा पकडाव्या, कशा पाळाव्या, पोट भरल्यावर त्यांच्याकडून रक्त कसें ओकवावें, येथपर्यंत बारकाईनें सांगितलें आहे. जळू सुटून पडल्यावरहि ती जागा बराच वेळ झिरपत राहते, हें महाराष्ट्रांतील जुन्या पिढीच्या लोकांना अनुभवानें माहीत होतें. १८८४ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जॉन हेक्राफ्ट या शास्त्रज्ञानें त्याचें कारण दाखवून दिलें. जळवेच्या तोंडांतून असें एक द्रव्य स्रवतें कीं तें मिसळलेलें रक्त थिजत नाहीं. या द्रव्याला पुढें हिरुडिन असें नांव पडलें. १९१३ च्या सुमारास अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन एबल यानें जिवंत कुत्र्याचें रक्त शरीराबाहेर काढून, गाळून, पुन्हां शरीरांत सोडण्याचा प्रयोग केला, तेव्हां नळ्यांतून रक्त वाहतें ठेवण्यासाठीं त्याला जळवांचींच डोकीं कुटून अर्क काढावा लागला. आजच्या मूत्रपिंड-यंत्राचा तो पूर्वज होय. पण जळवांचा पुरवठा तो किती, आणि त्या अर्काचा भरंवसा तो काय!

त्याच बाल्टिमोर शहरांत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, १९१६ सालीं दुसरा मार्ग उघडला, आणि तोहि अगदीं उलट्या दिशेनें. जे मॅक्लीन नांवाचा एक विद्यार्थी विल्यम हॉवेल या प्राध्यापकाच्या हाताखालीं रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा शोध करीत होता. त्यासाठीं त्यानें मेंदू, हृदय व यकृत यांचे अर्क काढले. यकृताचा अर्क कांहीं दिवस ठेवून पुन्हां तपासतां त्याला दिसलें कीं हा अर्क रक्त गोठवीत तर नाहींच, उलट गोठूं देत नाहीं. हॉवेलला प्रथम तें पटेना. तेव्हां मॅक्लीननें मांजराच्या रक्तांत अर्क घालून तें पात्र गुरूच्या मेजावर ठेवलें आणि गोठेल तेव्हां मला बोलवा, असें सांगितलें. तें गोठलें नाहीं. पुढें १९१८ सालीं हॉवेलनें या जातीच्या द्रव्याला यकृताच्या ग्रीक नांवावरून हेपॅरिन असें नांव दिलें. शोधाचें श्रेय गुरूचें कीं शिष्याचें, हा वाद दोघांच्या मृत्यूनंतरहि चालू राहिला. हॉवेलनें पुढें शुद्ध केलेलें हेपॅरिन व मॅक्लीनला सांपडलेलें द्रव्य हीं एकच नव्हेत, असें आतां रसायनज्ञ सांगतात. तेव्हां दोघांनाहि थोडथोडें श्रेय द्यावें हेंच न्याय्य दिसतें.

प्रयोगशाळेंतील हें द्रव्य माणसाच्या शिरेंत टोंचण्यायोग्य शुद्ध करण्याचें काम कॅनडांतील टोरोंटो येथें झालें. इन्शुलिनच्या शोधांत बँटिंगचा जोडीदार असलेला चार्लस् बेस्ट हा त्या कामाचा प्रमुख. कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या गुरांच्या फुप्फुसांतून तें काढण्यांत येऊं लागलें, आणि १९३५ सालीं गॉर्डन मरे या शस्त्रवैद्यानें तें रुग्णांना देण्यास आरंभ केला. त्याच सुमारास स्वीडनमध्यें एरिक यॉर्पेस यानें त्याची रासायनिक घडण उलगडली. आज जगांत बहुतेक हेपॅरिन डुकरांच्या आंतड्यांपासून तयार होतें. तें टोंचतांच काम करूं लागतें हा त्याचा मोठा गुण. पण तोंडानें घेऊन त्याचा उपयोग नाहीं, आणि वर्षानुवर्षें रोज सुई कोण टोंचून घेणार? गोळीच्या रूपानें घेतां येईल असें औषध यावयास आणखी एक विलक्षण योगायोग घडावा लागला, आणि तो घडला गुरांच्या गोठ्यांत.

मेथीच्या जवळच्या नात्यांतील एक वनस्पति आहे. तिची एक जात आपल्याकडे रब्बीच्या गव्हांत तण म्हणून उगवते व वनमेथी या नांवानें ओळखली जाते. तिच्याच मोठ्या बहिणी, म्हणजे पांढऱ्या व पिवळ्या फुलांच्या गोड क्लोव्हर या जाती, युरोपांतून अमेरिकेंत गेल्या. निकस जमिनींतहि जोमानें वाढणारें, गुरांना पोसणारें हें गवत उत्तर अमेरिकेच्या थंड मैदानांत विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्वत्र पेरलें जाऊं लागलें. सुमारें १९२० पासून त्या भागांत एक चमत्कारिक रोग दिसूं लागला. शिंगें कापलीं, किंवा बैल करण्यासाठीं वासरूं खच्ची केलें, कीं जखमेंतून रक्त थांबतच नसे. कांहीं जनावरें तर कसलीहि जखम नसतांना कातडीखालीं रक्त साकळून मरत.

कॅनडांतील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यानें १९२२ च्या सुमारास या रोगाचें मूळ शोधून काढलें. त्याची युक्ति साधी होती. एकाच गंजींतील गवताच्या चांगल्या व बुरशी आलेल्या काड्या त्यानें वेगळ्या केल्या, आणि चांगल्या काड्या कांहीं सशांना व बुरशीच्या दुसऱ्यांना घातल्या. चांगलें गवत खाणारे ससे धडधाकट राहिले. दुसरे रक्तस्राव होऊन मेले. दोष गवताचा नव्हता, तर पावसांत भिजून तें नासण्याचा होता. (हा स्कोफील्ड मोठा विलक्षण मनुष्य होता. तरुणपणीं तो कोरियांत शिक्षक होता आणि १९१९ सालीं जपानी सत्तेविरुद्ध झालेल्या कोरियन जनतेच्या उठावाचीं छायाचित्रें त्यानें जगापुढें आणलीं. त्याला सोल येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत पुरलें आहे.) पुढें नॉर्थ डाकोटा येथील ली रॉडरिक यानें दाखविलें कीं अशा जनावराच्या रक्तांत प्रोथ्रॉम्बिन हें थिजण्यास अवश्य असणारें द्रव्य कमी झालेलें असतें, आणि निरोगी जनावराचें रक्त भरलें तर रोगी जनावर वांचतें.

म्हणजे शेतकऱ्यानें काय करावयाचें तें ठरलें होतें: नासलेलें गवत फेकून द्यावें. पण १९३० नंतरचीं तीं वर्षें महामंदीचीं होतीं. ज्याच्याजवळ दुसरा चारा विकत घेण्यास पैसा नाहीं, त्याला गवत फेकण्याचा उपदेश करणें सोपें आहे. मराठवाड्यांत ज्यानें अवकाळी पावसानें काळा पडलेला कडबा नाइलाजानें जनावरापुढें टाकला आहे, त्याला विस्कॉन्सिनमधील त्या शेतकऱ्याची अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

फेब्रुवारी १९३३ मधील एका शनिवारीं, हिमवादळ चालू असतां, एड कार्लसन नांवाचा शेतकरी डीअर पार्क या आपल्या गांवाहून गाडी हांकीत मॅडिसन शहरीं आला. अंतर सुमारें १९० मैल. गाडींत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्यें भरून आणलेलें न थिजणारें रक्त, आणि सुमारें १०० पौंड नासलेलें गवत. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. विद्यापीठाच्या आवारांत एक दार उघडें दिसलें, म्हणून तो आंत शिरला. तें रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक याच्या प्रयोगशाळेचें दार होतें. लिंकजवळ त्याला सांगण्यासारखें नवें कांहींच नव्हतें. हें गवत घालूं नका, जमलें तर निरोगी गुरांचें रक्त द्या, एवढेंच त्यानें सांगितलें. शेतकरी तसाच रिकाम्या हातानें वादळांत परत निघाला. मागें राहिलें तें कॅनमधील रक्त. लिंकचा साहाय्यक शेफेल हा त्या रक्तांत पुन्हां पुन्हां हात बुडवून अस्वस्थपणें बोलत होता, आणि ती रात्र दोघांनीं त्याच रक्तावर प्रयोग करण्यांत घालविली.

नासलेल्या गवतांतील तें विष वेगळें काढण्यास सहा वर्षें लागलीं. प्रत्येक पायरीवर, हातीं आलेल्या अर्कांत विष आहे कीं नाहीं हें सशाच्या रक्तावर तपासून पाहावें लागे. जून १९३९ मध्यें हॅरॉल्ड कॅम्पबेल या तरुण संशोधकानें रात्रभर काम करून सकाळीं लिंकला कांचेच्या नळींत चिमूटभर शुद्ध स्फटिक दाखविले. त्यांची घडण कशी आहे हें उलगडून १९४० च्या वसंतांत प्रयोगशाळेंत तेंच द्रव्य कृत्रिम रीतीनें बनविण्यांत आलें. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो तो कुमारिन या द्रव्याचा. बुरशी या निरुपद्रवी कुमारिनचें रूप पालटते आणि त्याचे दोन रेणु एकत्र जोडले जाऊन तें विष तयार होतें. त्याला डायकुमारॉल असें नांव पडलें, आणि १९४१ सालींच अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें तें रुग्णांना औषध म्हणून देण्यांत येऊं लागलें.

या विषाचें काम कसें चालतें याचा अर्धा उलगडा डेन्मार्कमध्यें आधींच होऊन राहिला होता. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यानें स्निग्धांश काढून टाकलेलें अन्न कोंबडीच्या पिल्लांना घातलें असतां त्यांना रक्तस्राव होई. जें जीवनसत्त्व नसल्यामुळें तसें होतें त्याला त्यानें १९३५ सालीं ‘के’ हें अक्षर दिलें. यकृत हें जीवनसत्त्व वापरून रक्त थिजविणारीं द्रव्यें पुरीं करतें. काम झाल्यावर खर्ची पडलेलें जीवनसत्त्व एका विकराच्या साह्यानें पुन्हां ताजें होतें व पुन्हां कामाला लागतें. मोटेचें उदाहरण घ्यावें: भरलेली मोट वर येते, रिती होते आणि पुन्हां विहिरींत उतरते. डायकुमारॉल व त्याचीं भावंडें मोट फाडीत नाहींत किंवा विहीर आटवीत नाहींत. तीं चाक अडकवून ठेवतात, म्हणून रिती मोट खालीं जाऊं शकत नाहीं. हा विकर १९७८ सालीं ओळखला गेला. यावरून दोन गोष्टी सहज कळतात. पूर्वीं तयार झालेलीं द्रव्यें संपेपर्यंत, म्हणजे कांहीं दिवस, या गोळीचा पुरा गुण येत नाहीं. म्हणून आरंभीं हेपॅरिन टोंचावें लागतें. आणि मात्रा अधिक झाली तर जीवनसत्त्व के हाच उतारा. लोक या गोळीला ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतात. रक्त तिनें मुळींच पातळ होत नाहीं, फक्त थिजण्यास उशीर करतें. पण नांव रूढ झालें आहे, आणि रुग्णाला त्यानें अर्थबोध होतो हेंहि खोटें नाहीं.

१९४५ सालीं लिंक आजारी पडून आरोग्यभुवनांत पडून होता, आणि तेथें त्यानें उंदरांच्या नायनाटाविषयींचें साहित्य वाचून काढलें. उंदीर मोठा धूर्त. जें खाऊन एक उंदीर तडफडून मरतो त्याला दुसरे तोंड लावीत नाहींत. पण जें विष कांहीं दिवसांनीं हळूच मारतें त्याचा संशय त्यांना येत नाहीं. आपल्या प्रयोगशाळेंत तयार केलेल्या शेंदीडशें द्रव्यांपैकीं ४२ वें द्रव्य त्यानें त्यासाठीं निवडलें. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन असें नांव देऊन १९४८ सालीं तें उंदरांचें विष म्हणून विक्रीस आलें. १९५१ सालीं अमेरिकेच्या सैन्यांतील एका तरुणानें आत्महत्येसाठीं तें कांहीं दिवस लागोपाठ खाल्लें, आणि जीवनसत्त्व के व रक्त देऊन तो पूर्ण बरा झाला. उंदरांचें विष माणसाला औषध म्हणून देण्याचें धैर्य त्यानंतर आलें. १९५४ सालीं त्यास मान्यता मिळाली, आणि १९५५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाहि तें देण्यांत आलें.

झालेली गुठळी विरघळविणें ही वेगळी कामगिरी. १९३३ सालींच विल्यम टिलेट यानें पाहिलें कीं घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळें थिजलेलें रक्त पुन्हां पातळ होतें. त्यांतून स्ट्रेप्टोकायनेज निघालें. १९८६ सालीं इटलींत अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या प्रयोगानें हृदयविकारांत त्याचा गुण निर्विवाद ठरला. तें जंतूपासून आलेलें असल्यामुळें एकदां दिल्यावर शरीर त्याला ओळखून ठेवतें, आणि पुन्हां द्यावयाची वेळ आली तर तें निष्फळ ठरण्याची भीति असते. चंडीगढच्या सरकारी संशोधनसंस्थेनें त्याच्या निर्मितीची रीत बसविल्यामुळें तें भारतांत स्वस्त मिळूं लागलें. घरोघरीं असणाऱ्या ॲस्पिरिनची हकीकत अधिक घरगुती आहे. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स क्रेव्हन या साध्या डॉक्टरानें गळग्रंथि काढलेल्या मुलांना ॲस्पिरिनच्या गोळ्या चघळल्यावर रक्तस्राव अधिक होतो हें पाहिलें, आणि त्यावरून हृदयविकार टाळण्यास तें उपयोगी पडेल असें १९५० मध्यें लिहिलें. त्याचें कोणी ऐकलें नाहीं. आणि तो स्वतः १९५७ सालीं हृदयविकारानेंच वारला, त्यामुळें त्याचें म्हणणें आणखीच मागें पडलें. तें खरें ठरण्यास पुढें तीस वर्षें जावीं लागलीं.

सापाच्या विषानेंहि आपलें देणें दिलें आहे. घोणशीचें विष कांचेच्या नळींत रक्त झपाट्यानें थिजवितें. १९३४ सालीं लंडनमध्यें मॅक्फार्लेन व बार्नेट यांनीं तें अत्यंत विरळ करून रक्तस्रावी रोग्यांच्या जखमांवर लावून पाहिलें. शरीरांत मात्र तेंच विष थिजविणारीं सर्व द्रव्यें एकदम खर्ची घालतें, आणि मग वीस मिनिटांनींहि नळींतील रक्त थिजत नाहीं. कोंकणांत, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांत, ज्याची दहशत आहे त्या फुरशाच्या विषांतील एक लहानसें प्रथिन १९८८ सालीं वेगळें करण्यांत आलें. तें रक्तांतील बिंबिकांना एकमेकींस चिकटूं देत नाहीं. त्याचा कित्ता गिरवून रसायनज्ञांनीं टिरोफिबान हें औषध घडविलें, आणि १९९८ पासून तें हृदयविकाराच्या रुग्णांना शिरेवाटे देतात. मुंबईला परळ येथील हाफकिन संस्थेंत ज्या चार सापांवरचें प्रतिविष घोड्यांच्या रक्तांपासून तयार करीत आले, त्या नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांपैकीं शेवटचे दोघे हे असे रक्ताचे वैरी, आणि त्यांतल्याच एकानें रुग्णांसाठीं एवढें काम करून ठेवलें.

मराठवाड्यांतील खेड्यांतून या सर्व औषधांशीं ज्यांचा संबंध जन्मभराचा जडतो ते लोक म्हणजे हृदयाची झडप बदललेले रुग्ण. लहानपणीं घसा दुखून संधिवाताचा ताप येतो, सांध्यांची सूज उतरते, आणि घरचे तो ताप विसरून जातात. पंधरा-वीस वर्षांनीं कळतें कीं हृदयाची झडप जाड होऊन आखडली आहे. ज्यांची झडप बदलावी लागते त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेनें स्वस्त भारतीय झडप तयार केली व ६ डिसेंबर १९९० रोजीं ती प्रथम रुग्णाच्या हृदयांत बसविली, त्यामुळें हें ऑपरेशन सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत येऊं लागलें. परंतु कृत्रिम झडपेवर रक्त थिजूं पाहतें. गोळी चुकली तर झडप जागच्या जागीं अडकते किंवा गुठळी मेंदूंत जाते. गोळी अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्त तपासून, तें थिजण्यास किती वेळ लागतो याचा आंकडा काढावा लागतो. ही तपासणी १९३५ सालीं आर्मंड क्विक यानें बसविली, आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे एकमेकांशीं जुळावे म्हणून १९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांस एक माप घालून दिलें. निरोगी माणसाचा आंकडा एक. यांत्रिक झडपेच्या रुग्णाचा साधारण अडीच ते साडेतीन यांच्यामध्यें ठेवावयाचा. चाकूर तालुक्यांतील एखाद्या शेतमजूर बाईला या तपासणीसाठीं लातूरला जावें लागलें म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाडें पडतें तें वेगळें. तिला दिवस गेले तर अडचण दुणावते, कारण पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला व्यंग आणूं शकते. मग कांहीं काळ हेपॅरिनच्या सुया घ्याव्या लागतात, आणि तेवढ्या अवधींत झडपेला धोका वाढतो. या दोन संकटांतून मार्ग काढणें मोठ्या शहरांतील डॉक्टरांनाहि जड जातें.

२०१० पासून तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या, तेव्हां पुष्कळांना वाटलें कीं आतां लिंकच्या औषधाचे दिवस भरले. पायांतील गुठळी, हृदयाची अनियमित धडधड वगैरे रोगांत त्या खरोखरच त्याची जागा घेत आहेत. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर त्यांतल्या एकीची परीक्षा मात्र मध्येंच थांबवावी लागली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांत गुठळ्याहि अधिक व रक्तस्रावहि अधिक, असा अनुभव नमूद आहे. म्हणून या रुग्णांच्या हातीं अद्याप वॉरफरिन किंवा त्याचें भावंड निकुमॅलोन हीच गोळी आहे. तिच्याबरोबर डॉक्टर भाजीचा नियमहि सांगतात. मेथी, पालक, शेपू यांत जीवनसत्त्व के भरपूर. त्या सोडावयाच्या नाहींत, पण आठवड्याचें प्रमाण ठरवून तेवढ्याच खावयाच्या. हिवाळ्यांत बाजारांत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या आणि घरांत रोज भाजी होऊं लागली म्हणजे आंकडा खालीं घसरूं शकतो व मात्रा वाढवावी लागते. उन्हाळ्यांत भाजी महागून ताटांतून गेली कीं तोच आंकडा वर चढूं लागतो.